दहाव्या-अकराव्या मजल्यांमधली भिंत

३ फेब्रुवारी

लिफ्टमध्ये नवा मजकूर लागलाय. वहीचा फाडलेला कागद, चिकटपट्टीने डकवलेला. 'लिफ्टमध्ये घाण करणाऱ्या कुत्र्याच्या मालकास: मी तुमच्या कुत्र्याला ओळखतो.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'कुत्रा नसावा, लहान मूल असावं.' त्याखाली तिसऱ्या, जरा थरथरत्या अक्षरात, 'माझ्याकडे कुत्रा नाही आणि मूलही नाही. तरी सगळे माझ्याकडेच का बघतात?' मूळ सगळं इंग्रजीत आणि व्याकरण तिघांचंही कच्चं. पण तिसऱ्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

एकतीस वर्षं पुण्यात छापखान्यात प्रुफं वाचली. मी निवृत्त झाले, डोळे झाले नाहीत. समोर अक्षर आलं की ते वाचून, तपासूनच पुढे जावं लागतं. पुण्यात याचं काही वाटत नसे, तिथे प्रत्येक भिंतीला काही ना काही म्हणायचं असतं. इथे भिंती गप्प. सगळं शहर निवडून ठेवलेल्या तांदळासारखं. त्यामुळे कुठे खडा सापडला की मला आनंद होतो. हे धाकट्या बहिणीला, मेधाला, फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ताई, तू देवळात जात जा.

नोव्हेंबरात सिंगापूरला लेकीकडे आले. हौगांगमध्ये नववा मजला. चैत्राली आणि रुचिर सकाळी सातच्या आत बाहेर पडतात. लेक बँकेच्या कॉम्प्युटरांकडे, जावई कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात. इरा जानेवारीत माध्यमिक शाळेत गेली, तीही तेव्हाच निघते. मग घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

९ फेब्रुवारी

रविवार. रुचिरच्या मित्राकडे यिशुनला गेलो होतो. वाचनाचा लाभ भरपूर. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पाटी, 'चेंडू खेळण्यास मनाई.' खाली पेन्सिलीत, 'मग काय खेळू?' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'अभ्यास.' ही दुसरी व्यक्ती म्हणजे पहिल्याची आई असणार. अक्षरात दमलेपणा होता.

बसस्टॉपजवळ सिमेंटच्या फरशीत मांजराचं पाऊल उमटलंय. सिमेंट ओलं असताना कुणीतरी बोटाने शेजारी लिहून ठेवलंय, 'हे माझं नाही.' कोणी विचारलं होतं?

मी मोठ्याने वाचत होते. रुचिर हळूच म्हणाला, "आई, नका हं. इथे भिंतीवर लिहिणं हा गुन्हा आहे. तुरुंगही होऊ शकतो. फटकेसुद्धा आहेत कायद्यात."

"वाचणाऱ्याला तर काही नाही ना?"

तो हसला नाही. त्यांचा इथे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज गेलाय. दहा वर्षं झाली, आता तरी मिळावी म्हणतात. तेव्हापासून तो रस्ता ओलांडतानासुद्धा पाठ सरळ ठेवतो.

१२ फेब्रुवारी

मेधाचा फोन. रमलीस का, म्हणाली. हो, छान रमले, म्हटलं. नंतर मार्केटात दोनदा गेले. एकदा कोथिंबिरीसाठी, दुसऱ्यांदा कशासाठी ते आठवत नाही.

१४ फेब्रुवारी

आजची गोष्ट सांगायलाच हवी, पण सांगायला कोणी नव्हतं. म्हणून वही.

गुडघ्यांसाठी मी रोज नवव्यापासून बाराव्यापर्यंत जिना चढते आणि लिफ्टने खाली येते. जिन्यात कधी कुणी भेटत नाही. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, मग जिना चढायची दुर्बुद्धी कुणाला होणार? आज दहाव्या-अकराव्याच्या मध्ये, लाल पाइपच्या आडोशाला, पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं:

इथे कोणि येत नाहि

देवनागरी. मराठी. मी तिथेच पायरीवर बसले. तीन महिने परक्या अक्षरांची प्रुफं तपासतेय आणि आज हे. 'कोणि' ऱ्हस्व, 'नाहि' ऱ्हस्व, शेवटी पूर्णविराम नाही, आणि तरी डोळ्यांत पाणी यायला झालं. 'ल' कुठे आला असता तर माणूस आपल्याकडचा की हिंदीवाल्यांत वाढलेला ते कळलं असतं.

१५ फेब्रुवारी

रात्रभर त्या दोन वेलांट्या डोळ्यांपुढे. सकाळी पेन्सिल घेऊन गेले आणि दोन्ही दीर्घ केल्या. पूर्णविरामही दिला. सहासष्टाव्या वर्षी मी कायदा मोडला, तोही शुद्धलेखनासाठी. रुचिरला कळलं तर तो मला स्वतः पुण्याच्या विमानात बसवेल.

१८ फेब्रुवारी

उत्तर आलंय. माझ्या वेलांट्यांच्या खाली, 'थँक्यु.'

'क्यू' केला. खाली लिहिलं, 'आपण कोण?'

२० फेब्रुवारी

'कोणी नाही.'

दोन्ही वेलांट्या दीर्घ, पूर्णविरामासकट. शिकणारं माणूस आहे.

इराला ही सगळी गंमत सांगावी असं वाटत होतं. डिसेंबरच्या सुट्टीत तिला मीच मराठी लिहायला शिकवलं. शाळेत ती हिंदी शिकते, त्यामुळे अक्षरं येत होती. मी तिच्याकडून 'ळ' घटवून घेतला आणि 'ल' मराठी वळणाचा करून घेतला. पण शाळा सुरू झाल्यापासून तिने ती वही उघडलेली नाही. हल्ली घरी पाचला येते. आधी अडीचला यायची. विचारलं तर म्हणाली, "सीसीए लाह, आजी." शाळेनंतरचे काही उपक्रम असतात म्हणे; 'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट. डबा मात्र रोज रिकामा आणते, तेवढंच समाधान.

"शाळा कशी होती?" विचारलं.

"फाइन."

२४ फेब्रुवारी

'कोणी नाही' या उत्तरावर काय विचारणार? शेवटी आपल्या माणसाला जे विचारतात तेच विचारलं. 'जेवलात का?'

२६ फेब्रुवारी

मी टॉयलेट मध्ये जेवते.

तीनदा वाचलं. 'टॉयलेटमध्ये' जोडून हवं, पण ते मी दुरुस्त केलं नाही. 'जेवते' म्हणजे बाई आहे. 'ल' आला, आणि तो मराठी वळणाचा आहे, खालून गाठ मारलेला. ज्याने कुणी हिला शिकवलं त्याने मन लावून शिकवलंय. आणि अशी बाई या इमारतीत कुणाच्या घरी कामाला आहे, आणि ते लोक तिला टॉयलेटमध्ये जेवायला लावतात.

संध्याकाळी चैत्रालीला आडून विचारलं, आपल्या इमारतीत मराठी कामवाली कुणाकडे आहे का? ती लॅपटॉपवर होती. "बाराव्यावर शुभदाकडे आहे ना, मालतीबाई. सासू अंथरुणाला खिळलीये तिची. का गं?"

सहज, म्हटलं.

२७ फेब्रुवारी

थालीपीठं केली, पुण्याहून आणलेल्या भाजणीची. दोन थालीपीठं, वर लोणी, स्टीलच्या डब्यात. दुपारी दोनला पाइपमागे ठेवली. भिंतीवर लिहिलं, 'हे तुमच्यासाठी. बसून खा.' सहाला गेले तर डबा रिकामा, धुतलेला, आत कागदी रुमाल घडी घालून.

असं समाधान मला हे गेल्यापासून झालं नव्हतं.

इरा रात्री नीट जेवली नाही. दोन घास खाऊन उठली. "फुल ऑलरेडी." या वयात मुली वजनाच्या नादी लागतात, चैत्रालीने लक्ष द्यायला हवं.

४ मार्च

रोज डबा जातो. उपमा, कोथिंबीर वडी, काल शिरा. शिऱ्याला भिंतीवर उत्तर होतं, 'हा बेस्ट.' 'उत्तम' असं सुचवावंसं वाटलं, पण राहू दिलं. बाई धाडसी आहे. मालकिणीच्या नकळत अकराव्यापर्यंत उतरून येते.

विचारलं, 'तुमच्याशी कोण वाईट वागतं?'

इरा अजूनही रात्रीचं जेवत नाही. शिरा मुद्दाम तिच्यासाठी थोडा मागे ठेवला होता. म्हणाली, "परत शिरा?" मी म्हटलं, परत म्हणजे? तुला कुठे दिला? ती खोलीत निघून गेली. मुलांना काही बोलायची सोय नाही.

६ मार्च

वाईट कोणी नाही. कोणी बोलतच नाही.

एवढंच. एक वेलांटी चुकलेली नाही. इतकं शुद्ध वाक्य मी छापखान्यात फार कमी वेळा पाहिलंय.

बाराव्यावर जायला हवं. शुभदाशी बोलायला हवं. पण ओळख नाही, पुरावा पेन्सिलीचा, आणि जावयाचा अर्ज. घाबरट आहे मी. लिहून ठेवते.

११ मार्च

हे गेल्याला आज दोन वर्षं झाली. कुणाला आठवण करून दिली नाही, प्रत्येकाला आपापले व्याप आहेत. चैत्राली आज दुपारीच घरी आली. मीटिंग रद्द झाली म्हणे. शेवंतीची फुलं आणली होती, ती टेबलावर ठेवली आणि माझ्याशेजारी तासभर टीव्ही बघत बसली. तिला टीव्ही आवडत नाही. मार्केटात फुलं स्वस्त असावीत.

१३ मार्च

आज गेले. अकराला, म्हणजे शुभदा ऑफिसात असताना. दार मालतीबाईंनीच उघडलं. पंचेचाळिशीच्या, अंगाने बारीक, कपाळावर मोठी टिकली. मी नाव सांगितलं, नवव्यावरची, चैत्रालीची आई. त्यांनी आत बसवलं, चहा ठेवला. आतल्या खोलीत म्हातारीचा रेडिओ चालू होता.

मी सरळ मुद्द्यावर आले. "मालतीबाई, तुम्ही जेवता कुठे?"

"म्हंजे?"

"घाबरू नका. मला सगळं माहीत आहे. डबा मीच ठेवते."

त्यांनी जेवणाच्या टेबलाकडे बोट केलं. "तिथं जेवते. आजींना भरवते आन् शेजारीच बसते. काय झालं, काकू? कसला डबा?"

मी भिंतीचं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी हसल्या, मग थांबल्या.

"काकू, मला लिवता येत न्हाई. सहीपुरतं येतंय. शुभदाताईंच्या घरात मला कमी न्हाई काही. रविवारी बाहेर जेवायला नेत्यात." कपात चहा ओतून त्या माझ्यासमोर बसल्या. "पन जिन्यात कोण बसतं ते ठाव हाये मला. आजी झोपल्या की मी पाय मोकळे करायला जिन्यानं जाते. अडीच-तीनला. तुमची नात असते की."

"इरा?"

"नाव ठाव न्हाई. शाळेच्या कपड्यात. दप्तर मांडीवर. मला बघून हसती. गुणी पोर हाये. मला वाटलं घरात करमत न्हाई म्हणून बसती."

चहा प्यायले की नाही, आठवत नाही.

१३ मार्च, संध्याकाळी

पुढचंही आजच लिहिते, नाहीतर उद्या मी ते सावरून लिहीन.

अडीचला जाऊन पाइपपाशी बसले. डबा मांडीवर घेतला. तीनला दोन मिनिटं कमी असताना वरचं दार वाजलं. इरा चार पायऱ्या उतरली आणि मला बघून थांबली. पळाली नाही. येऊन शेजारी बसली आणि डबा उघडला. दडपे पोहे होते.

"तुला माहीत होतं मी आहे ते?"

"ऑब्व्हियसली, आजी." तोंडात पोहे. "स्पेलिंग कोण करेक्ट करतं? आणि थालीपीठ हौगांगमध्ये कोण बनवतं?"

"पहिल्या दिवसापासून?"

तिने 'नाही' अशी मान हलवली. "पहिलं मी असंच लिहिलं. कोणी वाचणार नाही म्हणून. मग तू लाइन्स लाँग केल्यास."

चार आठवडे भिंतीला सगळं विचारलंच होतं. शेवटी म्हटलं, "शाळेत टॉयलेटमध्ये जेवतेस?"

ती सांगत गेली, अर्धं मराठीत, अर्धं त्यांच्या त्या इंग्रजीत. शेर मिन तिची प्राथमिक शाळेपासूनची मैत्रीण. दोघी एकाच शाळेत, एकाच वर्गात आल्या. पहिल्या आठवड्यात शेर मिनला नव्या मैत्रिणी मिळाल्या. कँटीनमध्ये टेबलाला सहा जागा. इरा सातवी. एक मुलगी म्हणाली, सॉरी, इथे कुणीतरी बसणारे. दुसऱ्या दिवशीही कुणीतरी बसणार होतं. तिसऱ्या दिवशी इराने विचारलंच नाही.

"दे आर नॉट मीन," ती म्हणाली. "मारत नाहीत, हसत नाहीत. फक्त... मी नसले तरी सेम."

"माझ्या डब्याला वास येतो म्हणून तर नाही ना?"

"नो लाह. डबाच तेवढा चांगला पार्ट आहे."

मी तिचा हात धरून बसले. गार होता, पोह्यांचं तेल लागलेला. चोवीस फेब्रुवारीला मी भिंतीला विचारलं, जेवलात का. आणि घरात रोज हिला विचारलं, शाळा कशी होती.

"आईला सांगू या," म्हटलं.

"नको. मम्मा रडेल. पप्पा म्हणेल, ॲप्लिकेशन आहे, ॲडजस्ट कर. प्रॉमिस कर."

मी म्हटलं, आईपासून असं लपवतात का. एकट्याने सोसायचं कशाला, माणसं कशासाठी असतात? यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू सांगतेस मम्माला?"

"काय सांगायचंय मला?"

तिने डब्याचं झाकण लावलं.

प्रॉमिस केलं. चूक केली असं वाटतंय. नक्की कोणती, ते कळत नाही.

१७ मार्च

इराला आठवडाभर सुट्टी. आम्ही दोघी बाजारात जातो, पत्ते खेळतो. आज तिने मला लायब्ररीच्या मागे बाकावर कोरलेलं दाखवलं, 'जुन हाओचं बेकीवर प्रेम आहे.' 'प्रेम' खोडून 'ठीक आहे' केलंय. ती खूप हसली. येत्या सोमवारी शाळा.

जिन्यात गेलो नाही. पण खाली टाउन कौन्सिलचं, म्हणजे इमारतींची देखभाल करणाऱ्यांचं, पत्रक लागलंय. जिन्याच्या भिंतीवर लिखाण आढळलंय, माहिती असल्यास कळवा. पत्रकात फोटो आहे. मधोमध माझा 'बसून खा'.

२२ मार्च

शनिवार, सगळे घरी. दहा वाजता बेल. पोलीस. पंचविशीची मुलगी, डोक्यावर स्कार्फ, बूट काढून आत आली. अतिशय नम्र. घरोघरी विचारत होती. आठव्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं होतं की भिंतीवरची भाषा तमिळ नाही.

तिने फोन पुढे केला. "आंटी, ही भाषा ओळखता? काही टोळीबिळीच्या खुणा तर नाहीत ना, एवढंच बघायचंय."

रुचिरने फोटो पाहिला. त्याला मराठी वाचता येतं आणि माझं अक्षर तो ओळखतो. फ्रिजवर माझ्याच याद्या लागलेल्या असतात. त्याचा चेहरा उतरला. "आई," म्हणाला फक्त.

"मराठी आहे," मी म्हटलं. "मीच लिहिलंय."

"सगळं?"

"सगळं."

तिने फोटो मोठा केला. "पण दोन वेगळी अक्षरं दिसतात. आणि कुणीतरी कुणाच्या तरी चुका दुरुस्त केल्यात."

"मी आधी चुकीचं लिहिते. मग दुरुस्त करते." एकतीस वर्षांत असं वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं. पोरीसाठी 'नाहि' ऱ्हस्व मी अंगावर घेतला.

"बरं," ती म्हणाली. वही काढली. "मला ओळीने अर्थ सांगाल? रिपोर्टमध्ये लागेल."

मी सांगत गेले, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. इथे कोणी येत नाही. आभार. आपण कोण. कोणी नाही. जेवलात का. आणि मग पुढची ओळ. चैत्राली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कणीक. मी थांबले. मुलीने पेन थांबवलं आणि वाट पाहिली.

"दॅट्स माइन," खोलीच्या दारातून इरा म्हणाली. घरातल्या चपला, केस विस्कटलेले. ती पुढे येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "राँग स्पेलिंगवालं सगळं माझं आहे. आजी राँग स्पेलिंग करतच नाही. त्या लाइनचा अर्थ, आय ईट इन द टॉयलेट. स्कूलमध्ये. रोज."

पोलीस मुलीने ते लिहून घेतलं नाही, एवढं मी पाहिलं. तिने इराला विचारलं, कितवीत आहेस? मग विचारलं, क्लास टीचरला माहीत आहे? इराने नकारार्थी मान हलवली. मुलगी म्हणाली, मी पण सेकंडरी वनमध्ये लायब्ररीत जेवायचे, तिथे खायला परवानगी नव्हती.

मग पुन्हा पोलीस झाली. पेन्सिल आहे, पुसून निघेल. मुलगी लहान आहे, तुम्ही स्वतः कबूल केलंत. पण तक्रार नोंदली गेलीय, निर्णय वरिष्ठ घेतील. तोपर्यंत भिंतीला हात लावू नका.

ती गेल्यावर चैत्राली इराला घेऊन खोलीत गेली. कणकेचे हात तसेच. दार लागलं. रुचिर सोफ्यावर बसून राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, "मी तिला जानेवारीत विचारलं होतं, फ्रेंड्स झाले का. ती हो म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. शिफ्ट होती."

२५ मार्च

चैत्राली काल शाळेत जाऊन आली. वर्गशिक्षिका तरुण आहेत, त्यांना धक्का बसला. इराला जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं लावायच्या कामाला घेणार आहेत, आणखी दोन मुली असतात. इरा म्हणते त्यांतली एक बोलतच नाही, दुसरी फक्त ड्रॅगनांबद्दल बोलते. निदान बसून खातात.

चैत्राली माझ्याशी नीट बोलत नाही. आज भाजी चिरताना म्हणाली, "तुला तेरा तारखेला कळलं होतं. नऊ दिवस. तिने भिंतीला सांगितलं, तुला सांगितलं. मी त्याच घरात होते, आई."

मी म्हटलं, शब्द दिला होता.

"माझ्या मुलीला," ती म्हणाली, आणि सुरी ठेवून बाहेर गेली.

तिचं बरोबर आहे. माझंही फार चूक नाही. दोन्ही कुठल्या एका ओळीत बसवावं, ते जमत नाही.

२ एप्रिल

फोन आला. दोघींना समज देऊन सोडलंय. भिंत आम्ही स्वच्छ करून द्यायची. अर्जावर परिणाम होईल का, हे रुचिरने विचारलं नाही. मी विचारायला सांगितलं तर म्हणाला, "राहू द्या, आई."

बादली-स्पंज घेऊन जिन्यात गेले तर तो आधीच तिथे उभा. सगळं वाचत होता, वरून खाली, मग पुन्हा वरून. मला म्हणाला, "एक फोटो काढला तर चालेल ना?" हे विचारणारा माणूस रस्त्यावर सिग्नल हिरवा झाला तरी आधी दोन्हीकडे बघतो. काढ, म्हटलं. मग त्यानेच पुसलं. मला वाकू दिलं नाही.

मालतीबाई बाराव्यावरून उतरत आल्या, शुभदाही होती. माझ्या संशयाची गोष्ट मालतीबाईंनी तिला सांगितलेली दिसली. मी माफी मागितली. शुभदा म्हणाली, "काकू, तुम्ही निदान येऊन विचारलंत तरी. रविवारी जेवायला या." मालतीबाईंनी रुचिरच्या हातातून स्पंज काढून घेतला आणि म्हणाल्या, "असं न्हाई, गोल फिरवायचा."

६ एप्रिल

रविवार. दुपारी बाराव्यावर जेवलो. इरा आणि मालतीबाई म्हातारीच्या खोलीत बसल्या होत्या. इरा त्यांना नाव लिहायला शिकवतेय. 'मालती'तली वेलांटी दुसरी, असं ती त्यांना दोनदा सांगत होती. मी दारातूनच परतले.

घरी आल्यावर रुचिर झोपला. चैत्राली स्वयंपाकघरात डबे धुवत होती, आमच्यात अजून तेवढाच थंडपणा. मी ही वही उघडून बसले आणि मागची पानं वाचली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या, त्या सवयीने वाचली. बारा फेब्रुवारीला मेधाला सांगितलं, छान रमले. अकरा मार्चला लिहिलंय, फुलं स्वस्त असावीत. आणि जिन्यात पोरीने विचारलं होतं, तू सांगतेस मम्माला? मी म्हटलं, काय सांगायचंय मला.

म्हणून वही मिटली आणि आत गेले. हे नंतर लिहितेय.

ती पाठमोरी होती. मी फ्रिजला टेकून उभी राहिले. म्हटलं, "चैत्राली, मला इथे फार एकटं वाटतं. घरात तुम्ही असलात तरी वाटतं. तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

तिने नळ बंद केला. हात तसेच ओले ठेवून माझ्याकडे वळली.

"कधीपासून?"

मी इथे विमानातून उतरले ती तारीख सांगितली.